ऑक्टाव्हिया २.० टीडीआय: पुण्यात १२.५ ॲव्हरेज पडतंय म्हणून इंजेक्टर उघडू नका

तुमचा प्रश्न असा: २०१५ची स्कोडा ऑक्टाव्हिया २.० टीडीआय (म्हणजे डिझेल) ऑटोमॅटिक सेकंडहँड घेतली, कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, ॲव्हरेज पडतंय लिटरला १२.५ आणि कंपनीच्या कागदावर आहे १९.३. गॅरेजवाला चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून साफ करायचे म्हणतोय, आणि घरात ही गाडी विकून पेट्रोल गाडी घ्यायची चर्चा सुरू झालीय.

इंजेक्टरला हात लावू देऊ नका. त्या रस्त्यावर, त्या वेळेला, त्या गाडीचं ॲव्हरेज तेवढंच असतं. माझ्याकडे हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स आहे, गाडी पुण्यातच फिरते. ऑफिसच्या गर्दीत १२ ते १३. रविवारी सकाळी शहरात १५ सहज. साताऱ्याकडे ८०-९०च्या वेगानं निवांत गेलं की २०च्या वर. समृद्धीवर १२०ला लावून ठेवली की १६-१७. गाडी एकच, डिझेल तेच, चालवणाराही तोच.

१९.३चा आकडा खोटा नाही, पण तो कुठून येतो ते बघा. चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो, सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतला. वेग ९०च्या वर जात नाही आणि तिथपर्यंतही गाडी अगदी सावकाश नेतात. दोन गाड्या एकाच मापानं मोजता याव्यात एवढ्यासाठी तो आकडा आहे. भूमकर चौकात संध्याकाळी साडेसहाला काय होतं, ते त्या चाचणीला माहीत असण्याचं कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. १४३ पीएसचं (म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकदवान इंजिन आहे म्हणून गाडी डिझेल पिते, हा समज डोक्यातून काढा. डिझेल जातं ते ब्रेकमध्ये. हिशेब करून बघा. दोन माणसांसकट गाडी दीड टनाची धरा. ती शून्यापासून ६०पर्यंत न्यायला साधारण १७ मिली डिझेल लागतं (इंजिनची कार्यक्षमता ३५ टक्के धरून, शहरात ती त्याहून कमीच असते). पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळं डिस्कवर उष्णता होऊन संपलं. आता याच इंजिनची गंमत अशी की १७५० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन अगदी कमी फिरत असतानाच, ३२० एनएम टॉर्क (ओढायची ताकद) हाताशी येतो, त्यामुळे सिग्नल सुटला की पाय जरा दाबला तरी गाडी बघता बघता ८०ला पोचते. ८०ला तोच खर्च ३० मिलीच्या घरात जातो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. पुढचा सिग्नल तर लालच असतो. असे वीस थांबे घेतले की नुसत्या या सवयीचं पाव लिटर जास्त गेलं. कमी ताकदीच्या गाडीला तेवढ्या अंतरात ८० सहज गाठता येत नाही, म्हणून तिचं ॲव्हरेज चांगलं दिसतं. एरवी हे इंजिन अत्यंत काटकसरी आहे आणि मला ते मनापासून आवडतं: इतका पिकअप आणि तरीही हायवेला वीस, हे फार थोड्या फॅमिली गाड्यांना जमलंय.

दुसरा खर्च उभं राहण्याचा. एसी चालू ठेवून नुसती उभी असली तरी ही गाडी तासाला पाऊण लिटरच्या आसपास घेते. तुमचं अंतर १७ किलोमीटर धरू. मोकळ्या रस्त्याच्या १५ च्या हिशेबानं त्याला १.१३ लिटर लागायला हवं. चांदणी चौक ते भूमकर मिळून वीस मिनिटं उभे राहिलात, तर त्यात पाव लिटर वाढलं. झालं १.३८. सतराला १.३८नं भागा, येतात १२.३. हा जवळजवळ तुमचाच आकडा आहे, आणि त्यात इंजेक्टरचा काही संबंध नाही.

मग करायचं काय? गिअर डी मध्येच असू द्या, एस (स्पोर्ट) मोड शहरात विसरा. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडा. गाडी गिअरमध्ये असताना पाय सोडला की इंजेक्शन पूर्ण बंद होतं, थेंबही जात नाही. उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना हे पटत नाही, पण न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगचं डिझेल घेतच राहतं, शिवाय घाटात ते धोक्याचं आहे. एवढ्यानं १२.५चे १३.५ होतील. १९ होणार नाहीत, त्या मागे लागू नका.

मोजण्याबद्दल. डॅशबोर्डवरचा आकडा थोडा वाढीवच असतो, माझ्या गाडीत जवळजवळ एका किलोमीटरचा फरक पडतो. टाकी ते टाकी मोजा: एकच पंप, जमलं तर तेच मशीन, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वर राऊंड फिगरसाठी ओतायचं नाही. निदान अर्धी टाकी तरी संपू द्या, कारण नोझल लिटरभर अलीकडे-पलीकडे बंद झालं तर पाचशे रुपयांच्या पावतीवर काढलेलं ॲव्हरेज कुठल्या कुठे जातं.

आणि टायर बघा. आधीच्या मालकानं बदललेत का? कंपनीचे २०५/५५ आर१६. त्या जागी २२५/४५ आर१७ असतील तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, मीटरवर परिणाम नाही. पण खड्डे आणि स्पीडब्रेकरसाठी बरेच जण २१५/६० आर१६ टाकतात. तो टायर ५ टक्क्यांनी मोठा आहे. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटर मात्र जुन्याच मापानं मोजतं. म्हणजे गाडी १०५ किलोमीटर गेली तरी मीटर १००च दाखवणार आणि ॲव्हरेज कागदावर उगाच घसरणार. हवा किती ठेवायची त्याचं स्टिकर टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. सकाळी टायर थंड असताना भरा.

मुंबईला जाताना १९ आणि येताना साडेसोळा पडतं, असंही तुम्ही लिहिलंय. तेही बरोबरच आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. चार माणसं आणि सामान धरून सतराशे किलो तेवढं वर आणायला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल लागतं. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, सगळं नाही, कारण खंडाळ्यात ६०ची मर्यादा पाळायला ब्रेक लावावेच लागतात. जाऊन-येऊन सरासरी धरा. एकाच बाजूचा आकडा सांगून फुशारकी मारणारे पुष्कळ भेटतात.

खरा दोष असेल तर तो दिसतो. आधी पाण्याच्या तापमानाचा काटा बघा. इंजिन गरम झाल्यावर या गाडीत तो बरोब्बर मध्ये, ९०वर येतो आणि हलत नाही. थंडीत पहाटे हायवेला तो ७५-८०वर लटकत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय; इंजिन कायम अर्धवट थंड राहतं आणि डिझेल जास्त जातं. मग २०-२५ किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं तर तिथला ब्रेक धरून बसलाय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स आवाज, काळा धूर आणि पिकअप मेलेला, तर टर्बोचा पाइप फाटलाय का ते आधी बघायचं. इंजेक्टरवर संशय घ्यायचा तो सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागत असेल, आयडलिंगला थरथर असेल, धूर असेल तेव्हा. तेव्हाही आधी स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर तिथं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, वाचायला सांगा. आकडे न दाखवता ‘साफ करून टाकू’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. तुमच्या गाडीत यातलं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही.

राहिला पेट्रोलचा विषय. याच ऑक्टाव्हियाची पेट्रोल, म्हणजे १.८ टीएसआय, घेतली तर चालवायला बहार आहे, पण तुमच्या त्याच रस्त्यावर ती आठ-नऊ देईल, आणि पेट्रोल डिझेलपेक्षा महागच आहे. लहान पेट्रोल गाडी घेतली तर शहरात थोडं वाचेल, पण महिन्यातून दोनदा कोल्हापूरला आई-वडिलांकडे जाता म्हणालात, तिथे ही गाडी सोडल्याची हळहळ वाटेल. शिवाय २०२०मध्ये धुराचे बीएस६ नियम आल्यावर कंपनीनं भारतात डिझेल बंदच केलं, त्यामुळे विकलीत तर अशीच नवी मिळायची नाही. मी तुमच्या जागी असतो तर इंजेक्टरच्या पैशात डीएसजीचं (या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल आणि फिल्टर बदलून घेतलं असतं; सेकंडहँड गाडीत ते वेळेवर झालंय का याची पावती आधीच्या मालकाकडे मागा, नसेल तर झालेलं नाही असंच समजा.