दादर ज्वारीची बिअर घरी होईल का?

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: क्राफ्ट बिअर (छोट्या कारखान्यांतली वेगळ्या चवीची बिअर) घरी बिअर करणाऱ्यांनीच आणली का, आणि आपल्या दादरची बिअर घरी करता येईल का.

पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी हो. अमेरिकेत 1933 ला दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, बिअर राहून गेली. ते दुरुस्त व्हायला 1978 उजाडलं, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. पण लोक थांबले नव्हते. जॅक मॅकऑलिफ यांनी 1976 मध्येच कॅलिफोर्नियातल्या सोनोमात डेअरीची जुनी भांडी जोडून न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी सुरू केली. त्याच वर्षी केन ग्रॉसमन यांनी तिथल्याच चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान काढलं; पुढे सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी त्यांनीच उभी केली. वीस लिटरचा घाणा बिघडला तर मोरीत ओतता येतो, वीस हजारांचा नाही. धाडस घरात झालं ते म्हणून.

दुसऱ्याचं उत्तर नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरापुरती असली तरी. साखरेची दारू करणारं यीस्ट घालू नका. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि त्याचा गोड काढा इथवर मात्र करा. खरी कसोटी तिथेच आहे.

खाण्याची 1 किलो दादर घ्या, पेरणीचं बियाणं नको, त्याला औषध चोळलेलं असतं. दिवसभर भिजवा, पाणी तीनदा बदला, नाहीतर आंबूस वास धरतो. ओल्या गोणपाटात 3-4 दिवस मोड येऊ द्या, रोज दोनदा हलवा. मग पातळ पसरून वाळवा, पण मे महिन्यात तापल्या पत्र्यावर नको. ओला दाणा फार तापला की स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मरतात. वाळल्यावर मोड चोळून, सुपात पाखडून सगळे काढा. कोवळ्या ज्वारीने जनावरं दगावतात, तेच सायनाइडचं विष या मोडांत असतं. म्हणून हे मोड गुरांनाही घालू नका.

बिअरची नेहमीची, बार्लीची कृती इथे फसते. ज्वारीचा स्टार्च शिजायला 70 अंशांच्या वर जावं लागतं, आणि तिथे एन्झाइम टिकत नाहीत. म्हणून माल्ट भरडून 4 लिटर पाण्यात 50 अंशांवर पाऊण तास ठेवा, वरचं निवळ पाणी काढून घ्या. एन्झाइम त्यात उतरलेले असतात. खालच्या गाळाची कण्यांसारखी पेज शिजवा. ती 80 अंशांपर्यंत निवली की त्या पाण्यात थोडी थोडी मिसळा, 65 अंशांवर थांबा, तासभर झाकून ठेवा. बशीत एक थेंब घेऊन टिंक्चर आयोडीन टाका. निळा झाला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. तो थेंब फेकून द्या.

मग हा गोड काढा गाळून, झाकण न ठेवता 20 मिनिटं उकळा, फ्रिजमध्ये गार करा, त्याच दिवशी प्या. जळगावच्या उन्हाळ्यात बाहेर राहिला तर एका रात्रीत फसफसायला लागतो.