जागा मुलाच्या नावावर करू का?

प्रश्न : माझं वय ६८. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला. हे गेल्यावर मुलांच्या संमतीनं जागा माझ्या नावावर झाली. मुलगा-सून बदलापूरला राहतात, सुनेची नोकरी लोअर परळला. मुलगा म्हणतो, "जागा नावावर कर, मग आम्ही तुझ्याकडे येतो." मुलगी भांडुपला असते, रविवारी येऊन माझी औषधांची डबी भरून जाते. जाऊबाई म्हणतात, पूर्वीच्या एकत्र कुटुंबात असे प्रश्नच नव्हते. काय करू?

उत्तर : काकू, घाई अजिबात करू नका. एकत्र राहायचं का आणि जागा कोणाला द्यायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलानं त्यांची गाठ मारली आहे, ती आधी सोडवा. लालबागला आल्यावर सुनेची रोजची लोकलची दगदग वाचणार आहे. म्हणजे येण्यात त्यांचीही सोय आहेच. त्यासाठी घर लिहून कशाला द्यायचं?

हयातीतच जागा दुसऱ्याला देऊन टाकायचा कागद म्हणजे बक्षीसपत्र. त्याची नोंदणी झाली की जागा तुमची राहत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीदाही बदलता येतं, म्हणून तेच करा. उद्या बक्षीसपत्र करायची वेळ आलीच, तर 'आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं.

जाऊबाईंचं म्हणणं मला पटत नाही. गिरणगावात एका खोलीत कितीतरी गाववाले पाळीपाळीनं झोपायचे, जेवायला खानावळ, आणि बायकापोरं कोकणात मनिऑर्डरची वाट बघत. कुटुंब तेव्हाही दोन ठिकाणी होतं. गावच्या म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं तिथल्या सुनांनीच काढलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर कितीतरी घरं बायकांच्या कमाईवर तगली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही सुनेला विचारा. मुलाला शेजारी बसवूनच विचारा. स्वयंपाक कोण करणार, दवाखान्यात कोण नेणार, रात्री उठावं लागलं तर कोण उठणार, हे ती दोघं यायच्या आधी ठरू दे.

आणि मुलीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत! तुमचा सांभाळ आज तीच करते आहे. मृत्युपत्र लिहिताना तिचा विचार आधी करा. साध्या कागदावरही ते चालतं. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी, त्यांच्याही सह्या घ्याव्यात. मुलामुलींना मात्र साक्षीदार करू नका.