सँटोरिनीजवळ गर्दी नसलेलं, निवांत ग्रीक बेट कुठलं? आम्ही दोघं शाकाहारी; तीन दिवस पुरतील का?

अनाफी. सँटोरिनीच्या पूर्वेला, बोटीने साधारण दीड तासावर. तीन दिवस पुरतील का, हे मात्र वारा ठरवेल.

आम्ही दोघं ऑगस्टच्या शेवटी गेलो होतो. बेट 38 चौरस किलोमीटरचं, वस्ती जेमतेम तीनशेची, विमानतळ नाही. धक्क्यावर उतरलात की डोंगराच्या माथ्यावर पांढरी घरं दिसतात, ते खोरा, म्हणजे मुख्य गाव. बोटीच्या वेळेला बस खाली येऊन उभी असते. गावात बघायला म्हणाल तर पिंपासारख्या गोल छपरांची घरं, पडक्या पवनचक्क्या आणि दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील अशा गल्ल्या. पहिल्याच संध्याकाळी अहोंनी विचारलं, "बाकीचं गाव कुठंय?" बाकीचं नव्हतंच.

अथेन्समध्ये एक दिवस असेल तर आधी अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावरची अनाफिओतिका वस्ती बघा. 1830-40च्या दशकात राजा ओटोच्या राजवाड्याच्या कामाला (आजचं ग्रीक संसद भवन) अनाफीचे गवंडी गेले होते. राहायला जागा हवी म्हणून त्यांनी तिथंच आपल्या बेटावरच्यासारखी घरं बांधली. ती बघून बेटावर गेलात तर खोरा ओळखीचं वाटेल.

आता जेवणाचं. तिथे "शाकाहारी" म्हटलं की कधीकधी सॅलडची बशी पुढे येते. त्यापेक्षा "निस्तीसिमो" विचारा, म्हणजे उपासाचं. त्यांच्या चर्चच्या उपासात मांस, अंडी, दूध काही चालत नाही, त्यामुळे भाज्या-कडधान्यांचे पदार्थ भरपूर. पण एक गोम आहे: ऑक्टोपस आणि माकुल त्यांना उपासाला चालतात! आम्हाला पहिल्या दिवशी ताटात आठ पायांचा उपास मिळाला. तेव्हा "मासे, ऑक्टोपस काहीच नको" हे आधीच सांगा. मग भात भरलेले टोमॅटो, वांगी-बटाट्याचं ब्रियाम, मोठे पांढरे घेवड्याचे दाणे, असं सगळं मिळतं. सँटोरिनीचा फावा नक्की खा. दिसायला आपलं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. ती डाळ म्हणजे आमच्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. आणि एका सॅलडमध्ये चक्क घोळ होती. मी पान उलटून दोनदा बघितलं, घोळच. आजी ताकात शिजवायची, इथे टोमॅटोबरोबर कच्ची.

पोहायला क्लिसिदीचा किनारा बंदरापासून पायी जाण्याइतका जवळ आहे. रूकुनास लांब, वाळूचा, जास्त सुंदर. तिथे काही मंडळी कपड्यांशिवाय पहुडलेली असतात, दचकू नका. तुमच्याकडे कुणी बघत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने पायवाट पुढे बेटाच्या पूर्व टोकाला मठापर्यंत जाते. क्लिसिदीपासून आम्हाला अडीच तास लागले. सावलीचं झाड नाही, पाणी दोघांत तीन लिटर तरी घ्या आणि पहाटेच निघा. मठ अपोलोच्या जुन्या देवळाच्या जागी आहे, भिंतीत देवळाचे दगड तसेच दिसतात. दंतकथा अशी की ग्रीक पुराणातल्या जेसन या वीराची बोट काळ्याकुट्ट रात्री वाट चुकली, अपोलोने धनुष्य उचलून लखलखाट केला आणि समोर हे बेट प्रकट झालं. त्यावरूनच त्याचं नाव पडलं. मठाच्या मागे कालामोस हा साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीचा एकसंध कातळ उभा आहे. माझे गुडघे खालीच थांबले, अहो वर जाऊन आले. 8 सप्टेंबरला मठाची जत्रा असते. तुम्ही सप्टेंबरात जाणार असाल आणि ती तारीख गाठत असाल तर खोली फार आधी धरा.

आणि आता वारा. उन्हाळ्यात उत्तरेकडून "मेल्तेमी" सुटतो, आकाश निळंशार आणि समुद्र पांढरा. वारा फार वाढला की बंदर खातं बोटी बंद करतं. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते तसंच, फक्त इथे ढग नसतात म्हणून पटत नाही. निघायच्या सकाळी मी तिकिटाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, "आज बोट?" त्यांनी भुवया वर केल्या, हनुवटी किंचित उचलली आणि "च्यक्" केलं. आपलाच च्यक्! दुभाष्या लागला नाही. (मात्र "ने" म्हणजे "हो", तिथे घोटाळा होतो.) दुसऱ्या दिवशीही च्यक्. आमचं सँटोरिनीहून अथेन्सचं विमान गेलं, नवीन तिकिटांचे पैसे गेले. चूक माझीच, बोट आणि विमान एकाच दिवशी लावलं होतं.

म्हणून क्रम असा लावा: आधी अनाफी, मग सँटोरिनी, आणि विमानाच्या आधी किमान एक पूर्ण दिवस मोकळा. बोटी आठवड्यातून मोजक्याच, वेळाही अडनिड्या, तेव्हा खोली ठरवायच्या आधी बोटीचे वार बघा. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. दुपारी दोन ते पाच गाव झोपलेलं असतं, आपल्या पुण्यासारखंच.

परतीच्या बोटीला मात्र आळस नको. आमची तिसऱ्या दिवशी रात्री आली. फळी खाली पडली, पाण्याचे खोके आणि दोन ट्रक उतरले, आणि आम्ही चढून बॅगा टेकवेपर्यंत धक्का मागे पडलाही होता.