सोलापूरच्या उन्हाळ्यात कुंडीतली नाजूक फुलवेल जगते का? कोणती लावावी?

जगते. हे आधी सांगून टाकते, कारण ‘घरचे म्हणतात सोलापूरच्या उन्हात असले लाड चालत नाहीत, बोगनवेल लाव आणि मोकळा हो’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मी आमच्या घरात वीस वर्षं ऐकत आलेय. जवळजवळ ह्याच शब्दांत.

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापूरला तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे, मार्चमध्ये गुलाबी मांडेविला (नर्सरीत मिळणारी फुलवेल) आणला, महिन्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, कळ्या गळाल्या. आणि पुढे लिहिलंय, ‘पाण्याची हयगय नाही, रोज कुलरचं उरलेलं पाणी घालतो.’ ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. उन्हाला नंतर बोल लावा, आधी ते कुलरचं पाणी बंद करा.

आमची जुई सासूबाईंनी लावलेली. अशोक चौकाच्या मागच्या जुन्या घरी ती अंगणात होती. घर पाडून बांधायचं ठरलं तेव्हा एक फांदी मातीत दाबून मुळं धरेपर्यंत जपली आणि नव्या घराच्या गच्चीवर निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या पिंपात लावली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सासूबाई ओल्या फडक्यात कळ्या खुडून आणायच्या आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्यात सुईशिवाय गजरा बांधायच्या. दिवेलागणीला कळ्या उमलायला लागल्या की जिन्यापर्यंत वास यायचा. त्या गेल्यावर वेल माझ्याकडे आली.

मग 2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, तो. उजनी धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलेलं, नळाला पाणी कधी येईल ह्याचा भरवसा नाही. थोरले भाऊजी (माझे दीर) म्हणाले, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही फुलांना घालता. ते तेव्हा बरोबरच होतं, मी मान्य केलं. नळाचं पाणी वेलीला घालणं त्या दिवसापासून बंद केलं. त्यावर त्यांनीच तोड काढली. कुलर आम्ही बोअरच्या पाण्यावर चालवायचो. सकाळी टाकीत अर्धं पाणी उरलेलं असायचं, ते घालत जा म्हणाले. फुकटचं पाणी, मलाही पटलं.

तीन आठवड्यांत पानांची टोकं जळाली. मग कडा जळाल्या, भाजलेल्या पापडासारख्या कुरकुरीत. नवीन फुटलेले शेंडे काळे पडून वाळले. भाऊजी म्हणाले, बघा, ऊन आहे, सोलापुरात जुई टिकत नाही. मी घाबरून पाणी वाढवलं. तेच पाणी.

एका दुपारी पिंपाच्या काठावर पांढरी खर जमलेली दिसली. नखानं खरवडून जिभेच्या टोकावर ठेवली, तर खारट आणि कडवट. खाली येऊन कुलरची जाळी उघडली. आतल्या गवतावर तीच पांढरी खर, बोटभर जाड. तेव्हा उलगडा झाला. आमटी आटली की खारट होते तसंच ते. कुलर हवेत सोडतो ते निव्वळ पाणी, क्षार मागे टाकीत राहतात. वरून आपण रोज नवीन बोअरचं पाणी ओततो, त्यातले क्षार त्यात पडतात. महिन्याभरात त्या टाकीत काय साठत असेल विचार करा. आणि आमचं बोअरचं पाणी मुळातच मचूळ. मुळाशी असं खारं पाणी साचलं की माती ओली असूनही झाडाला ते ओढता येत नाही. वेल पाण्यात उभी राहून तहानेनं वाळते, आणि माणूस समजतो ऊन लागलं.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी कळली. चारच्या सुमाराला पिंपाच्या पश्चिमेकडच्या कडेला मातीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला, इतकी माती तापलेली. त्या बाजूची मुळं उकरून पाहिली. तपकिरी झालेली, चिमटीत धरली तर भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी सुटून यायची. पूर्वेच्या बाजूची मात्र पांढरी आणि चिवट होती. एकाच वेलीची, एकाच पिंपातली.

मग मी वेल हातभर ठेवून सगळी छाटली. घरात कुणालाच ते आवडलं नाही. वरची चार बोटं माती काढून टाकली, जुनं शेणखत आणि नवी माती भरली. पिंप पूर्वेच्या कठड्याजवळ सरकवलं, भोवती गोणपाट गुंडाळलं, आणि धुऊन धुऊन विरलेली एक सोलापुरी चादर पश्चिमेच्या बाजूनं दोरीवर टाकली. पाणी फक्त तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं. घरात आठ माणसं, तेवढं पाणी रोज निघतंच. वेगळा एक थेंबही नळाचा घेतला नाही, हे मी भाऊजींना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. पाऊस सुरू झाल्यावर पिंप गच्चीच्या पन्हळीखाली ठेवलं. पहिल्या दोन सरींत खालच्या भोकांतून गढूळ पाणी वाहिलं, मग स्वच्छ यायला लागलं. मातीतले क्षार असे वाहून गेले. जुईला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटणीचा फायदाच झाला. श्रावणात कळ्या दिसल्या.

भाऊजी म्हणाले, पाऊस पडला म्हणून आली. अजून तेच म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यानंतरचा प्रत्येक मे महिना आम्ही ह्याच गच्चीवर काढलाय, पारा बहुतेक वेळा 42-43 वर जातो, आणि वेल त्याच उन्हात उभी आहे, फुलते आहे. ऊन बदललेलं नाही. मी पाणी बदललं आणि पिंपाची जागा बदलली. मग दोष कुणाचा होता?

आता तुमचं. मांडेविला लगेच टाकू नका. तो मूळचा ब्राझीलकडचा आणि बहुतेक वेळा शेडनेटखाली कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवून विकायला येतो. कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेनं निसटतं, गाभा कोरडाच राहतो. कुंडी अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. क्षार धुऊन निघायलाही तेवढीच मदत होते. करपलेल्या फांद्या छाटा. पांढरा चीक निघेल, डोळ्यांना लागू देऊ नका. त्याची मुळं जाड, पाणी साठवणारी असतात, ती टणक असतील तर पुन्हा फुटेल. जागा मात्र बदला. सकाळी दहापर्यंतचं ऊन त्याला पुरे. पश्चिमेची बाल्कनी एवढीच जागा असेल, तर कुंडी भिंतीच्या आडोशाला जमिनीवर ठेवा आणि वेल वर जाळीवर चढवा. मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन, वेलींना हेच मानवतं. एका मोठ्या कुंडीत छोटी कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू भरली आणि ती ओली ठेवली, तर मुळं तापत नाहीत.

नवीन काही लावणार असाल तर गोकर्ण लावा. लोक तिला साधी समजून नाक मुरडतात, पण दुहेरी निळ्या पाकळ्यांची गोकर्ण मेमध्ये सकाळी बघा आणि मग बोला. बी टणक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून फेब्रुवारीच्या शेवटी पेरायचं. बारा इंची कुंडी पुरते. शेंगवर्गातली असल्यानं मुळांवरच्या गाठींमधून नत्र स्वतःच मिळवते, युरिया घातलात तर नुसती पानं माजतील. जुई हवी असेल तर चौदा इंचांच्या खालची कुंडी घेऊ नका आणि घेताना पान बघा. बुडाशी कानांसारखी दोन इवलीशी पानं असतात. नसतील तर जुई म्हणून दुसरंच काही देताहेत. संक्रांत झाली, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपत आली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात छाटायची.

मधुमालतीचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं, मग गुलाबी, मग लाल होतं. मलाही तिचा मोह होतो. पण तिसऱ्या मजल्याच्या कुंडीत ती लावू नका, दोन वर्षांत जाळी वाकवेल. गणेशवेल जूनमध्ये पेरा, उन्हाळ्यात तिला छळू नका. कृष्णकमळाच्या कळ्या आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये गळतात, पावसानंतर छान येतं. त्याच्यावर फुलपाखराच्या काटेरी अळ्या हमखास येतात, त्या चालणार असतील तरच आणा.

पाणी सकाळी लवकर, एकदाच, खालून निथळेपर्यंत घालावं. मोठ्या कुंडीला मेमध्ये दोन-अडीच लिटर लागतं. दुपारी तापलेल्या कुंडीत घालू नका. नळाला पाणी येतं तेव्हा झाडांसाठी एक बादली वेगळी भरून ठेवा, तेवढ्यानं घर ओस पडत नाही. एसीतून ठिबकणारं पाणी चालेल, त्यात क्षार नसतात. आरओचं फेकायचं पाणी नको. ‘पाणी वाचवा, झाडांना घाला’ असं सांगतात, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

एक सांगायचं राहिलं. बोअरचं पाणी सगळीकडे सारखं नसतं, तुमच्या भागातलं कदाचित बरं असेल. कुलर रोज रिकामा करून धूत असाल तर त्यातही तितके क्षार साठणार नाहीत. आणि माझी गच्ची पूर्वेची आहे. तिसऱ्या मजल्यावरचा वारा पानं फार वाळवतो, तिथे मी स्वतः वेल वाढवलेली नाही.

घरच्यांना मात्र कुलरची जाळी उघडून दाखवा. आमच्या भाऊजींनी आजवर ती बघितलेली नाही.