स्कुबा डायव्हिंग शिकताना पाण्याखाली खूप घाबरायला होतं, काय करावं?

आधी श्वासाकडे बघा. घाबरलं की श्वास उथळ आणि भरभर होतो, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही आणि टाकीत भरपूर हवा असूनही गुदमरल्यासारखं वाटतं. अशा वेळी हालचाल थांबवा आणि श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडा. रोखून मात्र कधीच धरू नका. वर येताना तर मुळीच नाही, कारण फुप्फुसातली हवा प्रसरण पावून गंभीर इजा होऊ शकते.

मास्कमध्ये पाणी शिरण्याची धास्ती बहुतेकांना असते. उभं राहता येईल एवढ्या पाण्यात मास्क मुद्दाम भरून घ्या आणि नाकाने फुंकून रिकामा करा, अगदी अंगवळणी पडेपर्यंत.

प्रशिक्षकाला भीती आधीच सांगा. तो घाई करत असेल तर खुशाल दुसरा शोधा.