हुर्यो उडवणाऱ्या गॅलरीविषयी लिहिताना

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा मिळाला आणि मी तो सावकाश वाचून काढला. इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूंनी सामन्याआधी गुडघा टेकून वर्णद्वेषाचा निषेध करायला सुरुवात केल्यावर गॅलरीतून जी हुर्यो उठली, तिच्यावर लिहायचे तू ठरवलेस याचा मला मनापासून आनंद आहे, कारण मैदानावरच्या बावीस जणांविषयी आपण क्रीडापत्रकार भरभरून लिहितो आणि त्यांच्याभोवती बसलेल्या हजारोंची एका वाक्यात बोळवण करतो. मात्र तुझ्या पहिल्याच प्रकरणाचा निष्कर्ष मला पटलेला नाही. हुर्यो उडवणारे झाडून सारे वर्णद्वेष्टे आणि टाळ्या वाजवणारे सारे न्यायप्रिय, अशी वाटणी करून तू मोकळी झाली आहेस, आणि त्यानंतरची प्रत्येक मुलाखत त्या वाटणीत बसवण्यासाठीच घेतल्यासारखी वाटते. माणसाच्या मनात काय होते हे त्याच्या ओरडण्यावरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने दिलेले कारण पुराव्यापुढे टिकते का आणि त्याचा आवाज मैदानावरच्या माणसापर्यंत कसा पोचला, हे तपासण्याचा अधिकार मात्र आपल्याला पुरेपूर आहे, आणि तुझा प्रबंध या दोन गोष्टींवर उभा राहावा असे मला वाटते.

त्यासाठी आधी घटनाक्रम नीट लाव. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाचा मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून 25 मे 2020 रोजी मृत्यू झाला आणि 17 जून रोजी महासाथीमुळे थांबलेली प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली अव्वल फुटबॉल स्पर्धा, पुन्हा सुरू झाली, तेव्हा ॲस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेडच्या खेळाडूंनी व्हिला पार्कवर पहिल्यांदा गुडघा टेकला. अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलिन कॅपरनिकने 2016 मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून जो निषेध केला होता, त्याचाच हा पुढचा टप्पा होता. तुझ्या मसुद्यातून निसटलेली महत्त्वाची बाब अशी की, त्या दिवशी मैदान रिकामे होते आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिने ते रिकामेच राहिले. पंच शिट्टी वाजवीत, दोन्ही संघ आणि स्वतः पंच काही क्षण गुडघ्यावर बसत, काही खेळाडू मूठ उंचावीत, पुन्हा शिट्टी होई आणि खेळ सुरू होई. ही प्रथा प्रेक्षकांच्या अनुपस्थितीत रुजली, त्यामुळे तिच्याविषयी प्रेक्षकाला काय वाटते हे मैदानावर ऐकूच येत नव्हते. त्या काळातला ठळक अपवाद म्हणजे 22 जून रोजी मँचेस्टर सिटी आणि बर्नली यांच्या सामन्यावरून विमानाने ओढत नेलेला, गोऱ्यांच्या जिवाचे मोल सांगणारा फलक. बर्नलीचा कर्णधार बेन मी याने सामना संपल्यावर आपल्याला या प्रकाराची लाज वाटते असे उघडपणे सांगितले. समर्थकांच्या कृत्याविषयी त्यांच्याच संघाचा कर्णधार इतक्या स्पष्टपणे बोलतो, हे क्वचित घडते, म्हणून त्या प्रसंगाला तू दिलेल्या दोन ओळी अपुऱ्या आहेत.

यानंतर येते 5 डिसेंबर 2020. लंडनमधल्या मिलवॉलच्या 'द डेन' मैदानावर डर्बी काउंटीविरुद्धच्या सामन्यासाठी सुमारे दोन हजार प्रेक्षकांना प्रवेश मिळाला आणि खेळाडूंनी गुडघा टेकताच त्यांच्यातल्या अनेकांनी हुर्यो उडवली. तू ज्यांच्याशी बोललीस त्यांनी तुला सांगितले आहे की, त्यांचा विरोध समतेला नव्हता, 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' (कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे) या संघटनेच्या राजकीय मागण्यांना होता. हे कारण हसून उडवून लावू नकोस. पोलिसांचा निधी कमी करा अशा मागण्यांशी अनेक सामान्य इंग्रज माणसे प्रामाणिकपणे असहमत होती, आणि लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या काही सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर नावाऐवजी तेच शब्द छापले गेल्याने दोन गोष्टींची सरमिसळ झाली, हेही खरे आहे. पण मग हे कारण कसाला लाव. सामन्याच्या आदल्या दिवशी मिलवॉलच्या खेळाडूंनी निवेदन काढून सांगितले होते की, गुडघा टेकण्यामागे कोणत्याही राजकीय विचारसरणीला पाठिंबा नाही, हेतू केवळ भेदभावाला विरोध करण्याचा आहे. म्हणजे ज्या शंकेपोटी हुर्यो उडवली असे सांगितले जाते, तिचे उत्तर स्वतःच्याच संघाने आदल्या दिवशी दिलेले होते. प्रत्येक मुलाखतीत एवढाच प्रश्न शांतपणे विचार: ते निवेदन तुम्ही वाचले होते का, आणि वाचले असेल तर त्यावर विश्वास का ठेवला नाही? या प्रश्नाची जी उत्तरे येतील ती शब्दशः उतरवून घे. कोणी म्हणेल वाचलेच नव्हते, कोणी म्हणेल खेळाडूंना ते क्लबने लिहून दिले होते, कोणी गप्प बसेल. ही तिन्ही माणसे वेगवेगळी आहेत, आणि 'वर्णद्वेष्टे' या एका शिक्क्याखाली तू त्यांना एक करून टाकशील तर वाचकाला काहीच कळणार नाही.

आवाज मैदानावर कसा पोचला, हे त्या दिवशी मिलवॉलचा बचावपटू महलॉन रोमिओ याने सांगितले. तो कृष्णवर्णीय, वर्षानुवर्षे त्याच क्लबसाठी खेळलेला. आपला अनादर झाला असे त्याला वाटले, आणि हे त्याच्या स्वतःच्या समर्थकांनी केले होते. प्रेक्षकाच्या मनातला हेतू कितीही वेगळा असला, तरी रोमिओला जे ऐकू आले ते त्याने बदलत नाही. तुझ्या मसुद्यात प्रेक्षकांच्या मुलाखती आहेत, खेळाडूंची मते जवळजवळ नाहीतच. प्रकरणाची सुरुवात रोमिओपासून कर आणि प्रेक्षकांकडे नंतर ये.

कृष्णवर्णीय खेळाडूंचे याबाबत एकमत होते असेही समजू नकोस. क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने सप्टेंबर 2020 मध्येच गुडघा टेकणे थांबवले होते, आणि क्लबचे फुटबॉल संचालक लेस फर्डिनंड, जे स्वतः इंग्लंडसाठी खेळलेले कृष्णवर्णीय आघाडीपटू आहेत, त्यांचे म्हणणे असे होते की या कृतीतली धार गेली असून बदल घडेल तो प्रत्यक्ष पावलांनी. क्रिस्टल पॅलेसच्या विल्फ्रेड झाहाला गुडघा टेकणे कमीपणाचे वाटत होते, आणि मार्च 2021 मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्धच्या सामन्याआधी तो ताठ उभा राहिला. हुर्यो उडवणारे काही जण झाहाचे नाव तुझ्यापुढे ढाल म्हणून धरतील. तेव्हा लक्षात ठेव की झाहाने गुडघा टेकलेल्या सहकाऱ्यांना कधी हिणवले नाही. त्याची तक्रार होती ती कृतीनंतर काहीच घडत नाही याविषयी. गॅलरीची तक्रार कृतीविषयीच होती. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन भूमिकांमधले अंतर दाखवणे हे तुझे काम आहे.

आता मिडल्सब्रोच्या त्या दोन सामन्यांकडे ये, कारण तुझ्या विषयाचा गाभा मला तिथे दिसतो. युरो स्पर्धेच्या तोंडावर इंग्लंडचा संघ 2 जून 2021 रोजी रिव्हरसाइड मैदानावर ऑस्ट्रियाविरुद्ध खेळला. खेळाडूंनी गुडघा टेकला, हुर्यो उठली, आणि मग तिला दाबून टाकणाऱ्या टाळ्या आल्या. त्या सामन्यातला एकमेव गोल बुकायो साकाचा, आणि तो त्याचा इंग्लंडसाठीचा पहिला गोल होता. चार दिवसांनी त्याच मैदानावर रुमानियाविरुद्ध पुन्हा हुर्यो झाली, आणि पुन्हा एकच गोल झाला, तो त्या दिवशीचा कर्णधार मार्कस रॅशफर्डचा. सामन्याआधी गुडघ्यावर बसलेल्या ज्या मुलांना हिणवले गेले, त्यांच्यातल्याच दोघांच्या गोलावर काही वेळाने त्याच गॅलरीने जल्लोष केला. त्यानंतर प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी देशाला उद्देशून खुले पत्र लिहून खेळाडूंची बाजू मांडली, तर गृहमंत्री प्रीती पटेल यांनी या कृतीला दिखाऊ राजकारण ठरवून हुर्यो उडवायची की नाही हा प्रेक्षकांच्या मर्जीचा प्रश्न असल्याचे सांगितले. आणि 11 जुलै रोजी वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध रॅशफर्ड, जेडन सँचो आणि अवघ्या एकोणीस वर्षांचा साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि समाजमाध्यमांवर या तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. पटेल यांनी त्या शिवीगाळीचा निषेध केला, तेव्हा बचावपटू टायरोन मिंग्जने त्यांना जाहीरपणे सुनावले की स्पर्धेच्या आरंभी आगीत तेल ओतायचे आणि नंतर किळस आल्याचा आव आणायचा, हे चालणार नाही. मिंग्जचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

तरीही इथे एक सावधगिरी बाळग. मिडल्सब्रोत हुर्यो उडवणाऱ्यांनीच वेम्बलीनंतर शिव्या लिहिल्या, असे तू सुचवले आहेस. पोलिसांनी त्या अंतिम सामन्यानंतरच्या ज्या 207 मजकुरांना गुन्हेगारी स्वरूपाचे ठरवले, त्यांपैकी 123 परदेशातल्या खात्यांवरचे होते आणि 34 ब्रिटनमधल्या खात्यांवरचे. हे आकडे तुझ्या सोयीचे नाहीत, म्हणून ते आधी मांड. त्यांनी गॅलरी निर्दोष ठरत नाही, पण गॅलरी आणि शिवीगाळ यांचा थेट धागा जोडायचा तर त्यासाठी वेगळा पुरावा लागेल. मला दिसणारा संबंध थोडा निराळा आहे: खेळाडू जे सांगत होते की हा त्रास आजही आहे, ते ऐकून घेण्याची तयारी हुर्योने नाकारली, आणि त्या खेळाडूंचे म्हणणे जुलैच्या एका रात्रीत सगळ्या जगासमोर खरे ठरले.

बुडापेस्टचा प्रसंग तू एका तळटीपेत ढकलला आहेस. तो तिथून बाहेर काढ. आधीच्या सामन्यांतल्या प्रेक्षकांच्या वर्तनामुळे हंगेरीला युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने रिकाम्या मैदानावर खेळण्याची शिक्षा दिली होती, पण नियमात मुलांना प्रवेशाची मुभा असल्याने 4 जून 2022 रोजी तीस हजारांहून अधिक प्रेक्षक आत आले, त्यांतली बहुतेक शाळकरी मुले. इंग्लंडच्या खेळाडूंनी गुडघा टेकला आणि त्या मुलांच्या आवाजात हुर्यो ऐकू आली. साउथगेट यांनी त्यावर मुलांना दोष दिला नाही; आपण हे का करतो आहोत हे त्यांना ठाऊकही नसेल, हे मोठ्यांकडून आले आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कोणत्या संघटनेच्या मागण्यांशी मतभेद असणार? मिलवॉलच्या प्रौढांनी दिलेले कारण इथे लागूच होत नाही, आणि तरी आवाज तोच आहे. गॅलरीत माणूस शेजाऱ्याचा सूर उचलतो, हे कोल्हापुरात तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या तुला मी वेगळे सांगायला नको. तिथे गोफणीतून सुटल्यासारखी येणारी घोषणा कोणी सुरू केली हे कधी कळत नाही, पण आपणही ओरडलो हे घरी गेल्यावर आठवते. हाच अनुभव घेऊन तिकडच्या माणसांशी बोल. तू कोणी न्यायाधीश नाहीस, गॅलरीतलीच आहेस, हे त्यांना जाणवले तर ते अधिक मोकळेपणाने बोलतील.

आपल्या क्रिकेटचा संदर्भ तू दिला आहेस, तो ठेव, पण आटोपता. दुबईत 24 ऑक्टोबर 2021 रोजी पाकिस्तानविरुद्ध भारतीय संघाने गुडघा टेकला, तेव्हा विराट कोहलीने तो निर्णय संघव्यवस्थापनाकडून आल्याचे सांगितले. दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने गुडघा टेकण्याचा आदेश दिल्यावर क्विंटन डी कॉकने सामन्यातून माघार घेतली आणि पुढच्या सामन्यात मात्र तो गुडघ्यावर बसला. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ही कृती खेळाडूंनी स्वतःहून उचलली आणि पुढे ती कधी करायची हेही कर्णधारांनीच ठरवले. वरून आलेल्या हुकमाला आणि आतून आलेल्या निर्णयाला प्रेक्षक वेगवेगळा प्रतिसाद देतात का, हे तपासण्याजोगे आहे, परंतु ते या प्रबंधात मावणार नाही.

कामाच्या दोन गोष्टी सांगतो. दूरचित्रवाणीवरच्या आवाजावरून हुर्यो किती मोठी होती हे ठरवू नकोस, कारण ध्वनिग्राहक कुठे ठेवला आहे यावर सारे अवलंबून असते. त्या दिवशी मैदानात बसलेल्या, वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या माणसांना विचार. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनाही तितकेच कडक प्रश्न कर. शेजारच्या खुर्चीवरून शिवी आली तेव्हा तुम्ही काय केलेत, मैदानावरच्या कर्मचाऱ्याला सांगितलेत का? वर्णद्वेषी घोषणा देणे 1991 पासून तिथे गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार करण्याची वाट उपलब्ध होती.

शेवटचे प्रकरण अजून लिहिलेले नाहीस, म्हणून एक सुचवतो. प्रीमियर लीगच्या कर्णधारांनी 2022 च्या हंगामापासून प्रत्येक सामन्याऐवजी निवडक सामन्यांआधीच गुडघा टेकण्याचे ठरवले. जुलै 2025 मध्ये इंग्लंडची बचावपटू जेस कार्टरला महिलांची युरो स्पर्धा चालू असतानाच वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, आणि इंग्लंडच्या महिला संघाने इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यापासून गुडघा टेकणे बंद केले, कारण यापुढे दुसरा काही मार्ग शोधला पाहिजे असे त्यांना वाटले. म्हणजे ज्या कृतीवर आक्षेप होता ती आता बव्हंशी उरलेली नाही. मिलवॉलच्या त्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध दोन्ही संघ हातात हात गुंफून विषमतेविरोधी फलकामागे उभे राहिले तेव्हा त्याच मैदानावर टाळ्या वाजल्या होत्या, त्यामुळे आमचा विरोध केवळ गुडघ्याला होता असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने तेवढी एक साक्ष आहे. आता त्याच माणसांकडे पुन्हा जा. गुडघा टेकणे थांबले, कार्टरला होणारी शिवीगाळ थांबली नाही, तर तुम्हाला मान्य असलेल्या मार्गाने तुम्ही या काळात काय केलेत, हे त्यांना विचार आणि मिळतील ती उत्तरे, एकही न गाळता, त्या प्रकरणात घाल. रोमिओपासून सुरू होणारे पहिले प्रकरण आधी पाठव. बाकीचे सवडीने आले तरी चालेल.

तुझे,
क्रीडापानावरचे जुने सर