ज्ञान आणि समज यांत नेमका फरक काय? मुलाला गणित ‘समजलंय’ हे ओळखायचं कसं?

अपूर्णांकांचा भागाकार घ्या, फरक तिथे स्वच्छ दिसतो. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हा नियम पाठ असणं म्हणजे ज्ञान. त्यावर पेपरात पूर्ण गुण मिळतात. पण समज तपासायची तर मुलाला पावणेदोन भागिले अर्धा यावर एक शाब्दिक उदाहरण रचायला सांगा. बरीच मुलं पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटतात. तो झाला २ ने भागाकार, विचारलंय अर्ध्याने.

मग दूध घ्या. पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या पिशव्या. ३ पिशव्या भरल्या, पाव लिटर उरलं. आता उत्तर विचारा. ‘सव्वातीन’ आलं तर चूक नेमकी सापडली: उरलेलं दूध लिटरमध्ये मोजलं, पिशवीत नाही. पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी, म्हणून साडेतीन.

नियमाचं कारणही इथेच आहे. एका लिटरला २ पिशव्या लागतात, म्हणून पावणेदोनला २ ने गुणायचं. पिशवी पाऊण लिटरची असेल तर? लिटरमध्ये ४ पाव, पिशवीत ३. म्हणजे एका लिटरला ४/३ पिशव्या. तोच उलटा अपूर्णांक!

नियम आधी पाठ झाला तर बिघडत नाही, पूर्वी पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढेही पाठच करत. मात्र गणित मांडण्याआधी ‘उत्तर पावणेदोनपेक्षा मोठं येईल की लहान?’ हे जरूर विचारा. भागाकाराने संख्या लहानच होते, हा समज फार चिवट असतो.